चहा घेऊन आलात की जाऊन घेणार?

हा विनोद पुण्यात सदाशिव पेठेच्या नावावर खपतो. पाहुणा दारात उभा आणि यजमान विचारतात, चहा घेऊन आलात की जाऊन घेणार? नागपूरकर तो पुणेकरावर सांगतो, पुणेकर कोकणस्थावर सांगतो आणि कोकणस्थ तो स्वतःवरच सांगून मोकळा होतो, म्हणजे दुसऱ्याला संधी नको. इंदुरात तोच विनोद हिंदीत भेटतो. तिथे यजमान रामबागेत राहणारा महाराष्ट्रीय असतो. पीपलरावांत तो मला एका ‘दक्षिणी मास्साब’च्या नावाने ऐकायला मिळाला. सांगणाऱ्याने आधी माझं आडनाव विचारून घेतलं होतं आणि तरीही, किंवा म्हणूनच, सांगितला.

देवासहून भोपाळच्या रस्त्याला लागलं की काली सिंधच्या काठी सोनकच्छ येतं. तिथून उत्तरेला आत वळल्यावर पीपलरावां. नगर परिषद असलेलं, पण खेड्याचा तोंडवळा न सोडलेलं गाव. भोवती काळी जमीन, पावसाळ्यात सोयाबीन, हिवाळ्यात गहू आणि हरभरा. आजचा देवास जिल्हा हा तुकडे जोडून शिवलेला आहे. संस्थानी काळात देवास शहरात पवारांच्या दोन पात्या नांदत होत्या, सोनकच्छचा परगणा शिंद्यांच्या ग्वाल्हेरात होता, दक्षिणेकडचं कन्नोद होळकरांकडे. म्हणजे जिल्ह्यात कुठेही जा, जुना सरकारी कागद कुठल्या ना कुठल्या मराठी घराण्याच्या शिक्क्याचा. माझे यजमान शेतकरी, वय सत्तरीच्या पुढे. ‘दक्षिणी’ हा त्यांचा शब्द पिढ्यान्‌पिढ्यांचा. त्यात राग नव्हता, पण आपलेपणाही नव्हता.

जेवायला दाल-बाफले होते. रवाळ दळलेल्या गव्हाच्या पिठात तुपाचं मोहन आणि ओवा घालून घट्ट मळतात, त्याचे मूठभर गोळे उकळत्या पाण्यात सोडतात. गोळा वर तरंगला की काढायचा, निथळू द्यायचा आणि मग शेणाच्या गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर, वरून राख ओढून भाजायचा. भाजलेला बाफला फडक्यात धरून राख झटकतात आणि मुठीत दाबतात, तो तडकतो, आणि तसाच तुपाच्या पातेल्यात बुडतो. ताटात आल्यावर तो स्वतः मोडायचा नसतो, निदान पहिला तरी. यजमान पुढे वाकून मोडतात, वर तुरीचं वरण, वरणावर पुन्हा तूप. शेजारी लसणाची चटणी, कढी आणि चुरम्याचा लाडू.

खरा कस दुसऱ्या बाफल्याला लागतो. तुम्ही तळहात ताटावर आडवा धरता. मराठी घरात एवढ्यावर वाढणारी थबकते, फार तर ‘अर्धा तरी?’ म्हणते. इथे यजमानांच्या नातवाने माझ्या हाताच्या खालून बाफला सरकवला. लाडवाच्या वेळी तर आजोबांनी तो उचलून थेट तोंडाशी आणला. याला मनवार म्हणतात. नाही म्हणणं हा त्या खेळातला पाहुण्याचा डाव आहे, ते कुणी नकार म्हणून ऐकतच नाही. माझ्या पोटाला हे कळायला वेळ लागला.

मास्साबची गोष्ट लाडवानंतर निघाली. यजमानांच्या शाळकरी वयात उज्जैनकडून बदली होऊन आलेले मराठी शिक्षक. गणित उत्तम, धोतर स्वच्छ, छडी क्वचित. एकदा वडील मुलाची चौकशी करायला त्यांच्या बिऱ्हाडी गेले, तर मास्तरांनी विचारलं, ‘चाय पियेंगे?’ वडील ‘नहीं’ म्हणाले. आणि मास्तरांनी ते खरं मानलं! हे सांगताना म्हातारबुवांना साठ वर्षांनंतरही हसू आवरेना. “पूछ के कौन खिलाता है?”

मराठी कानाला यात गुन्हा दिसत नाही. विचारणं म्हणजे पाहुण्याच्या पोटाचा मालक पाहुणाच, असं मानणं. ताटात टाकलेलं अन्न वाया जाऊ नये, हाही संस्कार. असं काहीसं मी म्हणालोही. पण मग त्यांनीच, सहज, एक तपशील पुरवला. मास्तरांकडे धान्य असायचं कुठे? पगार सरकारी, तोही तुटपुंजा. सुगीनंतर गावातली घरंच त्यांना गव्हाची एखादी गोण पोचवत. वडिलांनीही पोचवली होती. म्हणजे मास्तर ज्यांना जेवा म्हणणार, त्यांनाच त्यांचे गहू वाढणार होते.

ही सगळी थट्टा जातीची किंवा भाषेची वाटते, पण माझ्या मते ती मुळात कोठार आणि पगार यांच्यातली आहे. ज्याच्या घरात वर्षाचे गहू रचलेले आहेत, त्याच्याकडे जेवायला एक माणूस वाढला तर कशाचंच माप हलत नाही. ज्याला महिन्याच्या पहिल्या आठवड्यात वाण्याचा हिशेब चुकवायचा असतो, त्याच्याकडे तो वाढलेला माणूस दिसतो. माळव्यात गावोगाव जो मराठी माणूस लोकांनी पाहिला तो बहुतेक या दुसऱ्या, पगाराच्या जातीचा होता: मास्तर, पोस्टमास्तर, कारकून, ओव्हरसियर. भाड्याची दोन खोल्यांची जागा, दर तीन वर्षांनी बदली.

मराठी माणूस माळव्याच्या दारात पहिल्यांदा आला तो मात्र चहाला न विचारता आला. 29 नोव्हेंबर 1728 रोजी आजच्या धार जिल्ह्यातल्या अमझेऱ्याजवळ चिमाजी अप्पांच्या फौजेने मोगल सुभेदार गिरधर बहादूरला गाठून मारलं. पुढच्या काही वर्षांत माळव्याची वाटणी शिंदे, होळकर आणि पवार यांच्यात झाली आणि 1738 च्या दुराहाच्या तहाने तिच्यावर मोहोर उमटली. फौज येते तेव्हा घोड्याला दाणा आणि शिपायाला शिधा गावानेच द्यायचा असतो, घासदाणा तर करांच्या यादीतच होता. बोलावणं न धाडता आलेला आणि पिढ्यान्‌पिढ्या न गेलेला असा हा पाहुणा. त्याच्याविषयी गावाने दोन-चार विनोद जपून ठेवले असतील, तर ते स्वस्तातच सुटले म्हणायचं.

आणि कोठार असलेले मराठी? त्यांचा लौकिक अगदी उलटा. देवास हे तेव्हा एकाच गावात दोन राजे असलेलं संस्थान. तुकोजी आणि जिवाजी या दोन भावांच्या थोरल्या आणि धाकट्या पातीचे दरबार वेगळे, कारभार वेगळे, आणि बाजाराच्या रस्त्यात एका कडेला एकाची हुकमत तर दुसऱ्या कडेला दुसऱ्याची. थोरल्या पातीचे तिसरे तुकोजीराव यांच्याकडे इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर 1912-13 च्या हिवाळ्यात पाहुणा म्हणून आला आणि 1921 मध्ये काही महिने त्यांचा खासगी सचिव म्हणून राहिला. त्याच्या पत्रांचं पुस्तक ‘द हिल ऑफ देवी’ 1953 मध्ये निघालं. नावातली टेकडी म्हणजे देवासची माता टेकडी. त्यात एका मराठी मेजवानीचं वर्णन आहे. फॉर्स्टर मराठी पोशाखात जमिनीवर बसलाय, समोर भलंमोठं ताट, आणि गृहस्थाने ताटातल्या जिनसांना चक्क क्रमांक देऊन आईला कळवलंय. भाताच्या मुदी आवडल्या, गोड पदार्थ काही सोसले काही नाही, आणि तीन लहान वाट्या अशा की तोंडात गेल्यावर क्षणभर काहीच नाही आणि मग जिभेला आग. पवारांच्या ठेच्याची विश्वसाहित्यात झालेली नोंद ती हीच असावी.

फॉर्स्टरचे तुकोजीराव पाहुण्यांसाठी जीव टाकणारे, उत्सवांवर हात सैल सोडणारे. संस्थान कर्जात बुडालं, 1930 च्या दशकात राजेसाहेब पाँडिचेरीला फ्रेंचांच्या आश्रयाला निघून गेले आणि 1937 मध्ये तिथेच वारले. त्यांच्या आतिथ्याची आठवण आजही निघते. त्याच गावात पगारावर संसार करणाऱ्या कुणा मराठी कारकुनाने कधी कर्ज केलं नसेल, मुलं शिकवली असतील, पण लोकांच्या लक्षात राहिला तो त्याचा अर्धा कप.

पुण्याचीही गोष्ट वेगळी नाही. लग्नाच्या पंगतीत जिलेब्या मोजून पैजा लावणारा, आग्रह करकरून माणसाला उठू न देणारा महाराष्ट्र काही फार जुना नव्हे. जुन्या गावखर्चात अतीत-अभ्यागतांच्या शिध्याची रक्कम धरलेली असे, म्हणजे अनोळखी माणसाला जेवू घालणं ही गावाची अंदाजपत्रकातली बाब होती. पाहुण्याला तासाचा हिशेब लावणारा पुणेकर घडला तो वाड्यांतल्या भाड्याच्या खोल्यांत, नोकरदार मध्यमवर्गात. दुसऱ्या महायुद्धात रेशनिंग आलं, आणि ज्या घरात माणशी धान्य मोजून मिळतं तिथे आठ दिवस मुक्कामाला येणारा आतेभाऊ हे संकट ठरतं. 1965 मध्ये तर पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी लोकांना आठवड्यातलं एक जेवण सोडायला सांगितलं. लग्नातल्या पाहुण्यांच्या संख्येवर सरकारी अतिथी नियंत्रण आदेशांनी मर्यादा घातली होती. त्या वर्षांत वाढलेली पिढी पाहुण्याला आधी विचारते यात नवल काय? पु. ल. देशपांड्यांनी मुंबईकर, पुणेकर आणि नागपूरकर यांची जी तुलना रंगवली तिने पुणेरी यजमानाला अमर केलं. पुढे लोक मूळचं कारण विसरले आणि स्वभाव म्हणून तेच धरून बसले. पुणेकरही धरून बसले, त्यांना ते आवडलंच.

मराठी घरांतही माळवी माणसाबद्दल ठेवणीतलं बोललं जातं. सुखवस्तू, आळशी, खाण्यापुढे काही न सुचणारा, दुपार झोपेत घालवणारा. ‘यांना काय, पिकतंय, खातायत.’ माळव्यात पावलागणिक भाकरी आणि पावलागणिक पाणी मिळतं अशी जुनी म्हण आहे, आणि ती म्हणणाऱ्यांत माळवीही मागे नाहीत. त्या म्हणीची परीक्षा 1990 च्या उन्हाळ्यात झाली. देवास शहराला इंदुरातून रेल्वेने पाणी आणावं लागलं. नलकूपं खोल खोल गेली होती, तलाव बुजले होते. दारी आलेल्याला आधी पाण्याचा तांब्या पुढे करणाऱ्या गावात लोक टँकरच्या रांगेत भांडत होते. 2006 नंतर जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी आपल्याच शेतांत तळी खोदण्याची मोठी मोहीम केली तेव्हा कुठे उसंत मिळाली. या मधल्या वर्षांत माळवी माणसाचा हात आखडला असेल, तर त्यावर कुणी विनोद केल्याचं ऐकिवात नाही. भरलेल्या कोठाराचा लौकिक कोठार रिकामं झाल्यावरही टिकतो.

आता थोडं कडू. मनवारीचं हे कौतुक करताना पंगतीत कोण बसत होतं हे विचारायलाच हवं. 1928 च्या जानेवारीत वर्तमानपत्रांत बातमी आली होती की इंदूर संस्थानातल्या कनारिया, बिचोली हाप्सी, बिचोली मर्दाना आणि आणखी काही गावांतल्या सवर्णांनी अस्पृश्य मानल्या गेलेल्या बलाई समाजाला नियम घालून दिले. पगडीला जरीकाठ नको, धोतराला रंगीत काठ नको, बायकांच्या अंगावर सोनंचांदी नको. सवर्णांच्या घरच्या मृत्यूचा निरोप कितीही लांबच्या नातलगांना पोचवायचा, लग्नात वाजवायचं, आणि मोबदला मागायचा नाही, मिळेल ते घ्यायचं. बलाईंनी नकार दिला. मग त्यांना विहिरी बंद झाल्या, गुरांना चरायला जागा बंद झाली, शेतांतून जायची वाट बंद झाली. शेकडो कुटुंबं पिढीजात घरं सोडून शेजारच्या संस्थानांत गेली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये त्या संस्थानांची नावं दिली आहेत: धार, देवास, बागली, भोपाळ, ग्वाल्हेर. नव्या जागी त्यांचं काय झालं ते तूर्त बाजूला ठेवू, अशा अर्थाचं एक वाक्य लिहून ते पुढे जातात. माळव्याच्या आतिथ्यावर लिहू पाहणाऱ्या प्रत्येकाने तिथे थांबायला हवं. त्या वर्षी देवासच्या वेशीवर जे पाहुणे आले, त्यांना ‘पधारो’ कुणी म्हटलं?

त्याच लेखात चकवाड्याची हकिकत आहे, जयपूर संस्थानातली, 1936 ची. तीर्थयात्रेहून परतलेल्या एका अस्पृश्य माणसाने आपल्या जातभाईंना जेवण घातलं आणि त्यात तूप वाढलं. पाहुणे जेवत असताना शेकडो सवर्ण लाठ्या घेऊन धावून आले, त्यांनी अन्न नासवलं, पाहुण्यांना झोडपलं. यजमानाला तूप परवडत होतं, हाच अपराध. बाफल्यावर तूप ओतणारा हात मला त्या दुपारी आग्रही वाटला होता. तो हात उचलायचा अधिकार सगळ्यांना नव्हता, हे त्या तुपाबरोबर गिळावं लागतं. आणि ज्या भाषणासाठी बाबासाहेबांनी हे सगळं लिहिलं, त्याचं निमंत्रण लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने भाषणाचा मजकूर वाचल्यावर फिरवलं. पाहुणा नको झाला की यजमान काय करतात, याचं त्या काळातलं सर्वांत सुशिक्षित उदाहरण ते.

आजच्या माळव्यात बलाई समाजातून आलेल्या प्रह्लादसिंह टिपानिया यांच्या कबीरगायनाला सगळ्या जातींचे लोक बसतात, 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. देवासला एकलव्य संस्थेने 1990 च्या दशकात कबीर भजन मंडळ्यांचा मंच चालवला. रात्रभर गाणं, मध्ये चहा, मग मोकळी चर्चा. गाणं एकत्र झालं तरी चहा एकत्र होईलच असं नसतं. त्या बैठकांत हा प्रश्न उघड बोलला जायचा, आणि मला वाटतं इथल्या पाहुणचाराच्या इतिहासातलं ते फार महत्त्वाचं पान आहे.

बायकांचा मुद्दा राहिला. मनवार पुरुष करतात, बाफले भाजतात बायका, आणि जेवतात सगळ्यांच्या शेवटी. पीपलरावांत मी स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन ‘फार छान झालं होतं’ असं म्हणालो तेव्हा आतल्या घूंघटातून सूनबाई हसल्या आणि म्हणाल्या, “आप लोग पूछ लेते हो, अच्छा है। हमें गिनती पता रहती है।” मास्साबची बाजू घेणारं त्या घरातलं हे एकमेव माणूस.

गेलेली आणि आलेली, दोन्हीकडची माणसं कधीच एकमेकांच्या स्वयंपाकघरात शिरली आहेत. इंदूर-देवासच्या सकाळी जे पोहे वाफेवर ठेवून शेव आणि जिरावन भुरभुरून जिलेबीबरोबर खातात, ते मराठी कुटुंबांबरोबर आले असं सर्वसाधारण मानतात. आता ते पोहे पुण्याच्या पोह्यांना नातलग म्हणून ओळख देत नाहीत. देवासच्या जुन्या मराठी घरांत रविवारी बाफले असतात आणि श्रीखंडही. बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेले कुमार गंधर्व 1948 मध्ये क्षयाने आजारी होऊन देवासला हवापालटासाठी आले, आणि 1992 मध्ये तिथेच गेले. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांच्या कानावर माळवी बायकांची गाणी पडली, पुढे त्यांनी ती गोळा केली आणि त्यांतल्या धुनांतून राग उभे केले. त्यांच्या ‘भानुकुल’ घरात राहुल बारपुते आणि चित्रकार विष्णू चिंचाळकर यांच्यासारखी इंदूरची मराठी माणसं येऊन बसत. बारपुते मराठी, पण आयुष्य गेलं ‘नई दुनिया’ या हिंदी दैनिकाच्या संपादनात. या घरातला आग्रह मराठी होता की माळवी, हे तिथे जेवलेल्यांनाही सांगता आलं नसतं.

गावातली लग्नं आता केटररकडे गेली आहेत. ताटामागे दर ठरतो, स्टॉलवर बाफला मिळतो, आणि मनवार करायला बो लावलेली पोरं ठेवतात. ती खरंच आग्रह करतात, पण डोळ्यांत बघत नाहीत.

माझ्या यजमानांचा धाकटा नातू पुण्यात वाकडला राहतो, हिंजवडीत नोकरी करतो, बायकोही तिथेच कामाला. आजोबा मागच्या हिवाळ्यात नातवाकडे जाऊन आले. सोबत गव्हाची गोण नेली होती. पोचले त्या संध्याकाळी नातवाने फोन हातात घेऊन विचारलं, “दादाजी, क्या खाओगे? ऑर्डर कर दूँ?” आजोबांनी हे मला सांगितलं ते मास्साबच्या गोष्टीच्याच सुरात. “पूरो दक्षिणी हो गयो!” मी पुण्याला परतल्यावर त्या नातवाला फोन केला. तो ऑफिसच्या बसमध्ये होता. म्हणाला, गव्हाची गोण अजून गॅलरीत आहे, सोसायटीच्या आसपास गिरणी सापडत नाही, तुम्हाला एखादी माहीत असेल तर सांगा. आणि घरी या ना कधी, पण शनिवारी, आणि येण्याआधी तेवढं कळवा.